शिफारसपत्राविना

काही कादंबऱ्यांच्या प्रकरणांना नावं असतात, काहींना नुसते आकडे. विनिफ्रेड वॉटसन यांच्या 'मिस पेटिग्रू लिव्ह्ज फॉर अ डे' या 1938 साली आलेल्या इंग्रजी कादंबरीत मात्र प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर घड्याळातली वेळ छापलेली आहे. इतके वाजल्यापासून तितके वाजेपर्यंत, आणि तेही मिनिटांसकट. सकाळी सव्वानऊला गोष्ट सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपते. प्रेम, गैरसमज, मद्य, नाइट क्लब आणि मखमली पोशाख यांनी भरलेल्या या खेळकर गोष्टीला अशी काटेकोर वेळ लावलेली पाहिली की थबकायला होतं. मिनिटं मोजायची सवय कुणाला असते? ज्याचा दिवस दुसऱ्याच्या पैशावर चालतो त्याला. ग्विनेव्हिअर पेटिग्रू ही चाळिशीची, अविवाहित, एका पाद्र्याची मुलगी. परक्या घरांत, परक्यांची मुलं सांभाळत, परक्यांच्या घड्याळाप्रमाणे उठत-बसत तिची वर्षं गेली आहेत. त्या एका दिवसात तिचं आयुष्य बदलतं, एवढंच कथानक. पण ते बदलतं म्हणजे नेमकं काय होतं, कशामुळे होतं, हे बारकाईनं पाहू लागलं तर या हसऱ्या पुस्तकात एक फार धीट विचार दडलेला दिसतो. बाईनं नव्यानं जगायला लागण्याच्या गोष्टींचा एक ठरलेला क्रम असतो. आधी ती भरपूर सोसते, मग स्वतःवर मेहनत घेते, चुका सुधारते, आणि मग त्या सोसण्याच्या बदल्यात सुख तिच्या पदरात पडतं. वॉटसन यांनी हा क्रम फिरवला. त्यांच्या पुस्तकात आधी कुणीतरी विश्वास टाकतं. लायकी मागून येते.

हे म्हणणं किती वेगळं आहे ते कळायला ग्विनेव्हिअर ज्या जगातून आली त्या जगाकडे पाहायला हवं. परक्या घरात राहून मुलांना शिकवणाऱ्या-सांभाळणाऱ्या गव्हर्नेसची इंग्लंडमध्ये मोठी अवघड जागा. ती नोकर नाही, घरातलीही नाही. जेवायला कुठे बसायचं हाच तिचा प्रश्न. शार्लट ब्राँटीची गव्हर्नेस नायिका 'जेन एअर' 1847 ची, म्हणजे वॉटसन यांच्या नायिकेच्या आधी जवळजवळ एक शतक. त्याच दशकात, 1843 मध्ये, अडचणीतल्या गव्हर्नेसना मदत करणारी संस्था लंडनमध्ये उभी राहिली, आणि त्या प्रयत्नांतूनच 1848 मध्ये हार्ली स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज निघालं. गव्हर्नेसना शिक्षण मिळावं, हातात प्रमाणपत्र असावं, म्हणजे त्यांना मान आणि बरा पगार मिळेल, असा त्यामागचा भला हेतू होता. पण प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र यांच्या जगाला दुसरी बाजूही असते. ज्या बाईला मागच्या मालकिणीनं चार चांगले शब्द लिहून दिले नाहीत, तिच्यासाठी पुढचं दार बंद. पहिल्या महायुद्धानंतर हे आणखी कठीण झालं. 1921 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका 17 लाखांनी जास्त भरल्या, आणि वर्तमानपत्रं त्यांना 'जास्तीच्या बायका' म्हणू लागली. ग्विनेव्हिअर या जास्तीच्यांपैकी एक. त्यातही ती आपल्या कामात वाईट आहे. लेखिका हे मुळीच झाकत नाही. मुलांचा तिला धाक वाटतो, मालकिणींपुढे ती थरथरते, एकेक नोकरी जात जाते आणि दर वेळी मिळणारी पुढची नोकरी आधीच्यापेक्षा हलकी असते. गुणी पण दुर्दैवी नायिका रंगवणं सोपं होतं. वॉटसन यांनी खरोखरच नापास झालेली बाई घेतली, आणि माझ्या मते पुस्तकाची सगळी ताकद या एका निवडीत आहे.

नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीतून पत्त्यांचा घोळ होतो आणि ग्विनेव्हिअर डिलिशिया लाफॉस नावाच्या तरुण गायिकेच्या दारात येऊन उभी राहते. दार उघडताच डिलिशिया तिच्याकडे मदत मागते. आत एक पुरुष आहे, थोड्याच वेळात दुसरा येऊन धडकणार आहे, आणि पहिल्याला बाहेर काढायला हवं. तू कोण, कुठून आलीस, काय येतं तुला, असलं काहीही ती विचारत नाही. ग्विनेव्हिअर पुनःपुन्हा आपण कशासाठी आलो ते सांगू पाहते आणि प्रत्येक वेळी तिचं वाक्य अर्धवट राहतं. विनोदासाठी वापरलेली ही युक्ती आहे हे उघड आहे. पण या युक्तीमुळेच एक गोष्ट शक्य होते. मुलाखत होतच नाही. जन्मात पहिल्यांदा ही बाई आपल्या मागच्या अपयशाशिवाय एका खोलीत उभी राहते. आणि मग तिला जमतं. मालकिणींच्या हाताखाली वर्षानुवर्षं सोसलेला दरारा आता तिच्या उपयोगी पडतो. करारी बाई कशी बोलते, कशी पाहते, समोरच्याला कसं गप्प करते, याचं तिच्याइतकं शिक्षण दुसऱ्या कुणाचं झालेलं असणार? भिऊन भिऊन जे पाहिलं, तेच ती आता हिमतीनं वापरते. म्हणजे तिच्यात नवं असं काही येत नाही. तिच्या आयुष्यात होतं तेच सामान नव्या कामाला लागतं, आणि ते लागतं कारण कुणीतरी पुरावा न मागता तिच्यावर भिस्त ठेवली.

ही तर सिंड्रेलाचीच गोष्ट, असं कुणीही म्हणेल. गरीब मुलगी, एका रात्रीचा पोशाख, योगायोगानं उघडलेलं दार. आक्षेप रास्त आहे, आणि लेखिकेला तो ठाऊक असावा असं त्या प्रकरणांवरच्या वेळा पाहून वाटतं. सिंड्रेलाच्या गोष्टीत बाराचे ठोके म्हणजे शिक्षा असते. उसनं मिळालेलं सगळं परत जातं आणि मुलगी पुन्हा चुलीपाशी येते. इथे बारा वाजतात आणि काहीही होत नाही. प्रकरणं एकाची, दोनाची, तिनाची वेळ दाखवत पुढे सरकतात, नाच चालू राहतो, माणसं बोलत राहतात. मध्यरात्र ओलांडणं हे या पुस्तकाचं सर्वांत मोठं साहस आहे. शिवाय सिंड्रेलाला निवडलं जातं ते तिच्या रूपासाठी आणि तिच्या चांगुलपणाची भरपाई म्हणून. ग्विनेव्हिअरला कुणी निवडत नाही. तिला कामाला लावलं जातं. दिवसभर ती इतरांच्या प्रेमाच्या गाठी सोडवते: डिलिशियाच्या तीन पुरुषांची गुंतागुंत, तिची मैत्रीण एडिथ आणि टोनी यांचं भांडण. योगायोगानं तिला दार मिळालं हे खरं, पण दाराच्या आत टिकून राहणं योगायोगानं होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ब्यूटी पार्लर चालवणारी एडिथ तिचा चेहरा रंगवते, डिलिशिया तिला आपले उंची कपडे घालते, आणि आरशात नवी बाई उभी राहते. मग बाईचं नवं आयुष्य म्हणजे अखेर पावडर आणि मखमल एवढंच का? आजच्या कितीतरी प्रेमविनोदी गोष्टींनी आणि सिनेमांनी याचं उत्तर बिनदिक्कत 'हो' असं दिलेलं आहे, म्हणून हा प्रश्न टाळून चालत नाही. पण इथेही घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रियकराला वाटेला लावणं, दुसऱ्याच्या संशयाला तोंड देणं, हे सगळं सकाळी घडतं. तेव्हा ग्विनेव्हिअर आपल्याच जुन्या, विटलेल्या कपड्यांत आहे, केसांना कुणी हात लावलेला नाही. कपडे येतात ते त्यानंतर. ती धीट होते म्हणून तिला ते पेलतात. आणि त्या कपड्यांतलं सुख लेखिका लपवत नाही, हे मला फार आवडतं. ऊबदार खोली, घोटभर मद्य, अंगाला मऊ लागणारं कापड: ज्या बाईनं हे कधीच अनुभवलं नाही तिला ते मिळताना पाहण्यात एक साधा न्याय आहे. गरिबांच्या गरजा मान्य करायला समाज कसाबसा तयार होतो. गरीब, चाळिशीच्या, देखण्या नसलेल्या बाईला नुसतं मजेसाठी काही हवं असू शकतं, हे मान्य करणं त्याला जड जातं. वॉटसन ते सहज मान्य करतात, आणि ते करताना आपल्या नायिकेकडे दयेनं पाहत नाहीत.

याच दशकात मराठीत एकट्या, कमावत्या बाईबद्दल लिहिलं जात होतं. विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' 1933 चा. शिकलेल्या, अविवाहित, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलींची घुसमट त्या पुस्तकानं उघडपणे मांडली आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. टोपणनावामागची लेखिका कोण याचाच शोध लोक अधिक जोरानं घेऊ लागले. त्या कथांना दुःखाचाच सूर हवा होता. घुसमट आहे हेच जिथे कुणी कबूल करत नव्हतं तिथे आधी निःश्वास ऐकू जाणं गरजेचं होतं. पण दुःखाच्या सुराची एक मर्यादा असते, ती सगळ्याच भाषांत. शोकांत गोष्टीला प्रत्येक घटनेचं कारण द्यावं लागतं, केलेल्या कर्माचं फळ दाखवावं लागतं. तिथे काही फुकट मिळत नाही, आणि मिळालं तर ते खोटं वाटतं. विनोदी गोष्ट फुकट देऊ शकते. चूक झाली, पत्ता बदलला, दार उघडलं, आणि त्यातून कुणाचं तरी भलं झालं, एवढं सांगायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून या कादंबरीचा हलकेपणा ही तिची उणीव मानता येत नाही. पात्रता नसताना मिळालेल्या विश्वासाबद्दल बोलायचं तर ते याच प्रकारात बोलता येतं.

इथवर आल्यावर या पुस्तकातली सर्वांत वाईट गोष्ट सांगायलाच हवी. डिलिशियानं कुणाशी लग्न करावं याचा सल्ला देताना ग्विनेव्हिअर फिलच्या रक्तात ज्यू अंश असल्याकडे बोट दाखवते, निकच्या परदेशी वळणाबद्दल नाक मुरडते, आणि अस्सल इंग्रज, प्रसंगी हात उगारायला न कचरणारा मायकेल हाच खरा पुरुष ठरतो. हे तिचं एकटीचं मत आहे, लेखिकेचं नाही, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. कथानकच तिच्या बाजूनं उभं आहे. तेव्हा सगळेच असं बोलत, हेही म्हटलं जातं. पण ज्या वर्षी हे पुस्तक आलं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं एका रात्रीत जाळली-फोडली गेली. असल्या सहज बोलण्याचा शेवट कुठे होतो हे तेव्हाच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. मला यातली बोच वेगळ्या जागी जाणवते. जन्म, घराणं, मागची कुंडली न पाहता माणसाला दारात उभं करावं, हे या कादंबरीचं सगळं औदार्य. आणि तेच औदार्य ती फिल आणि निक यांच्या वाट्याला येऊ देत नाही. त्यांच्याकडे मात्र वंशाचा दाखला मागितला जातो. पुस्तकाचा विचार इथे चुकलेला नाही. विचार योग्य आहे, पुस्तक त्याला अपुरं पडलं आहे. तो विचार मनापासून पटला असेल तर याच कादंबरीच्या विरुद्ध तो वापरता आला पाहिजे.

राहिला पलायनाचा आरोप. टाइन नदीवरच्या ज्या न्यूकॅसलमध्ये वॉटसन राहत होत्या, त्याच्या जवळच जॅरो आहे. तिथली जहाजं बांधणारी गोदी बंद पडल्यावर ऑक्टोबर 1936 मध्ये 200 बेकार माणसं तिथून लंडनपर्यंत चालत गेली. असल्या मुलखात बसून नाइट क्लबच्या गोष्टी कशा सुचतात? वॉटसन स्वतः टायपिस्टचं काम केलेल्या. वडिलांची चपला-बुटांची दुकानं मंदीत बुडाली आणि त्यांचं पुढचं शिक्षण राहून गेलं. नाइट क्लबात त्या कधी गेल्या नव्हत्या, गव्हर्नेसचं काम कसं चालतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनीच तसं पुढे सांगितलं. त्यांना नीट माहीत होती ती एकच गोष्ट, आणि ती पुस्तकाच्या पहिल्या पानापासून आहे: खिशात पैसे नसणं, घरमालकिणीचं भाडं थकणं, आज नोकरी मिळाली नाही तर उद्या रात्री झोपायचं कुठे. दिवसभराच्या धमालीत ही भीती अधूनमधून डोकं वर काढते, म्हणून ती धमाल पोकळ वाटत नाही. 2008 मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला. दिग्दर्शक भारत नल्लुरी आंध्रातल्या गुंटूरला जन्मलेले, न्यूकॅसलमध्येच वाढलेले. फ्रान्सिस मॅकडॉर्मंड आणि एमी ॲडम्स यांनी त्यात कामं केली. चित्रपटानं कथेत येऊ घातलेल्या युद्धाची सावली घातली, डोक्यावरून विमानं नेली. चित्रपट सुंदर आहे, पण गंभीरपणा बाहेरून आणायची गरज नव्हती असं मला वाटतं. भाड्याची चिंता पुरेशी गंभीर होती.

आणि शेवट? प्रेमविनोदी गोष्टीत नायिकेला पुरुष मिळावा लागतो, तसा इथेही जो नावाचा एक पुरुष आहे: पन्नाशीच्या घरातला, कॉर्सेटच्या धंद्यात पैसा कमावलेला, दिलदार माणूस. रात्री तो तिला घरी सोडायला येतो, पुढे काही होईल अशी आशा आहे. पण तिला डोक्यावरचं छप्पर जोमुळे मिळत नाही. डिलिशिया आणि मायकेल मोठं घर घेणार आहेत, ते सांभाळायला कुणीतरी हवं आहे, आणि डिलिशिया ती जागा तिला देते. ग्विनेव्हिअर खरी कोण ते कळल्यावरही डिलिशियाला त्याचं काही वाटलेलं नसतं. पुन्हा नोकरीच ना, असं म्हणता येईल, घर दुसऱ्याचंच. पण आता तिला तिथे ठेवणारी बाई तिला ओळखून ठेवते आहे, आणि या कादंबरीतलं खरं प्रेमप्रकरण मला त्या दोघींच्या मैत्रीतच दिसतं.

लेखिकेच्या वाट्याला हे आलं का, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही. त्यांच्या पहिल्या दोन कादंबऱ्या ग्रामीण, गंभीर वळणाच्या होत्या आणि चांगल्या चालल्या होत्या. ही तिसरी, अगदी निराळी कादंबरी घेऊन त्या गेल्या तेव्हा मेथ्यूएन या प्रकाशनसंस्थेला आधीसारखंच काहीतरी हवं होतं. वॉटसन यांनी तसंही एक पुस्तक लिहून दिलं, आणि मगच मिस पेटिग्रूला जागा मिळाली. पुस्तक गाजलं. हॉलिवूडमध्ये बिली बर्क या अभिनेत्रीला घेऊन त्यावर संगीतपट करायचं ठरलं होतं. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि तो बेत बारगळला. इकडे न्यूकॅसलमध्ये शेजारच्या घरावर बॉम्ब पडला, वॉटसन यांना नवरा आणि लहान मुलासह नातेवाइकांच्या गर्दीत राहावं लागलं, आणि 1943 च्या सहाव्या कादंबरीनंतर त्यांनी लिहिणं सोडून दिलं. पुस्तक विसरलं गेलं. 2000 साली लंडनच्या पर्सेफोनी बुक्सनं ते पुन्हा काढलं तेव्हा वॉटसन नव्वदी ओलांडलेल्या होत्या. नवे वाचक त्यांना भेटले, मुलाखती झाल्या, दोन वर्षांनी त्या गेल्या. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत त्यांनी कादंबरी लिहिली नाही, आणि त्याबद्दल त्या फारशा कडवटपणे बोलल्याचंही दिसत नाही. त्या गर्दीच्या घरात त्यांना एखादी खोली आणि काही न विचारता दिलेला वेळ मिळाला असता तर सातवी कादंबरी आली असती की नाही, कोण सांगणार? कदाचित त्यांना तेव्हा दुसरंच काही हवं असेल.